तंबाखूचं पान आणि दादाचा पाय

दादा,

परवा तुझा दहावा झाला आणि काल मी नगरला परत निघाले. एस.टी.च्या थांब्यावर आपल्या गावची एक म्हातारी भेटली. म्हणाली, "सुमन, तू दवाखान्यात नर्स हायेस. आन् सख्ख्या भावाचा पाय तुला वाचवता आला न्हाई व्हय गं?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. तेवढ्यात गाडी आली आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही. गाडी उशिरा आली असती तरी मी काय सांगणार होते? सिगारेटनं पाय जातो, हे तिला पटलं नसतं. ते तुलाही पटलं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण ते खोटं झालं असतं. तुला पटलं होतं. पटूनही तू गेलास, आणि मी बघत राहिले.

आपल्या घरात तंबाखूला कधी कुणी व्यसन म्हटलं नाही. आबा पाथर्डीच्या बाजारातून काळ्या पानाची जुडी आणायचे आणि ती आढ्याला टांगून ठेवायचे. वांग्यावर मावा पडला की त्याच पानांचं पाणी करून आई झाडांवर शिंपडायची. गुरांना गोचिडी झाल्या की तेच पाणी फडक्यानं चोळायचं. एकदा आपल्या चुलत्यांच्या, तात्यांच्या गाईच्या मानेवरच्या जखमेत किडे पडले होते. तुला आठवतं ना? आबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनी तुला पुढं केलं. तू तंबाखूची भुकटी आणि चुना एकत्र करून जखमेत दाबून भरलास. गाय दावं तोडायला बघत होती आणि तू तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होतास. किडे बाहेर पडले, जखम भरून आली. त्यानंतर पंचक्रोशीतलं दुखरं जनावर आबांकडं यायचं बंद झालं. ते तुझ्याकडं यायला लागलं.

आणि आबांची ती चंची. कुणीही दारात आला की आधी ती उलगडायची. तात्यांचं आणि आबांचं बांधावरून वाजलं, तेव्हासुद्धा तात्या ओसरीवर बसले आणि आबांनी न बोलता चंची त्यांच्यापुढं सरकवली. तात्यांनी चिमूटभर तंबाखू मळला, निम्मा आबांच्या तळहातावर ठेवला, आणि मग दोघांनी सावकाश भांडायला सुरुवात केली. तू ही गोष्ट सगळ्यांना सांगायचास. पुढं माझ्याशी वाद घालतानाही तू तीच सांगायचास. "सुमे, तंबाकूनं मानसं जोडली. तुमचं डागदर काय बी सांगत्यात."

मी नर्सिंगला जाणार म्हटल्यावर सगळं गाव आडवं आलं होतं. पोरीनं परक्या पुरुषांची अंगं पुसायची, हे तात्यांना सहनच होईना. तू एकटा म्हणालास, "जाऊ द्या तिला. मी जनावरांचं बघतो, ती मानसांचं बघंल." माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तू मला नगरला आणलंस. मी आत मुलाखतीला गेले आणि तू फाटकाबाहेर थांबलास. परत आले तर तुझ्या हातात सिगारेट. तोवर तुला कधीमधी बिडी ओढताना पाहिलं होतं, पण पांढरी सिगारेट पहिल्यांदाच. मी म्हटलं, "हे काय दादा?" तू ऐटीत धूर सोडलास आणि तुला ठसका लागला. "आज माजी बहीन नर्स झाली. आज बिडी शोभत न्हाई." आपण दोघं किती हसलो होतो. त्या हसण्याचं आता काय करू, मला कळत नाही. ते वाईट होतं असं म्हणवत नाही. चांगलं होतं असंही म्हणवत नाही.

माझं शिक्षण संपायच्या सुमाराला तू सिगारेट कंपनीच्या गाडीवर लागलास. राहुरीच्या बाजारात त्या गाडीचा बोलणारा माणूस आजारी पडला होता. तू सहज कर्णा हातात घेतलास आणि असा बोललास, की बैलबाजारातली माणसं बैल सोडून तुझ्याभोवती जमली. जनावरं शांत करणारा तुझा आवाज माणसांनाही धरून ठेवायचा. कंपनीनं तुला पांढरा सदरा दिला, विजार दिली आणि ओढायला हवी तेवढी सिगारेट दिली. बाजाराबाजारानं फिरायचं, संध्याकाळी पांढऱ्या पडद्यावर सिनेमाचे तुकडे दाखवायचे, आणि मध्येच गर्दीत सिगारेटी वाटायच्या. ज्यानं कधी ओढली नाही त्याला पेटवून द्यायची, असं तुम्हाला सांगितलेलंच होतं. तूही दिवसभर ओढायचास, कारण वाटणाऱ्यानं स्वतः ओढून दाखवावी लागते. वहिनी धुवायला सदरा घेई तेव्हा आधी त्याचा वास घेई आणि नाक मुरडी. पण तोच सदरा दोरीवर वाळत घातला की आल्यागेल्याला दाखवी.

मग दुष्काळ पडला. आपली विहीर तळाला गेली, बैल छावणीत गेले, अर्धं गाव दुष्काळी कामावर गेलं. आपल्या घरातलं कुणी गेलं नाही, कारण तुझी नोकरी होती. हे मी विसरलेले नाही दादा. आईच्या हातात घण आला नाही, तो तुझ्यामुळं.

त्याच उन्हाळ्यात आम्हा नर्सेसना कामांवर कॉलऱ्याची लस टोचायला पाठवत होते. पाथर्डीच्या पुढं पाझर तलावाचं काम चालू होतं. माणसं मुरूम खोदत होती, बायका पाट्या वाहत होत्या, आणि सगळ्यांचे डोळे रस्त्याकडं लागले होते, कारण सकाळपासून पाण्याचा टँकर आला नव्हता. दुपारी लांबवर धुरळा उठला. "आला, आला" म्हणत बायका पाट्या टाकून हंडे घेऊन धावल्या. मीही सुई हातात धरून उभी राहिले. धुरळ्यातून कर्णा वाजायला लागला. तुझी गाडी होती.

तू पायरीवर उभा होतास. हंडे घेऊन धावत आलेल्या बायका बघून तुझा आवाज एकदम बसला. मग मी दिसले. तू खाली बघितलंस, आणि पुन्हा कर्णा तोंडाला लावून म्हणालास, "या मंडळी, या." बायका रिकामे हंडे घेऊन परत फिरल्या. गडी रांगेत उभे राहिले. पाणी नसलेल्या त्या माळावर तू त्यांच्या वाळलेल्या ओठांत सिगारेटी दिल्यास आणि एकेकाला काडी ओढून दिलीस.

मी तुला बाभळीखाली गाठलं.

"दादा, लोकांना प्यायला पाणी नाही."

"मला दिसतंय."

"मग हे काय चाललंय?"

"टँकर माज्या हातात न्हाई, सुमे. ही गाडी हाय. ही सोडली तर उद्या मीबी हितंच, आन् आई बी हितंच, पाटी डोक्यावर घिऊन. तसं सांगतीस?"

"आज फुकट दिलीस. उद्या यांना विकत कोण देणार?"

तू सिगारेट पेटवलीस. टँकर तू गेल्यावर आला. ह्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. तो वाद तसाच राहिला आहे, आणि आता मला एकटीलाच दोन्ही बाजू बोलाव्या लागतात. खरं सांगू? तुझी बाजू बोलताना मला माझ्या बाजूला उत्तर सापडत नाही.

त्या दिवशी गाडीकडं परत जाताना तू मध्येच थांबलास आणि वाकून पोटरी चोळलीस. मी बघितलं. उन्हाचा, उभं राहण्याचा त्रास असेल असं मला वाटलं.

दुष्काळ सरला आणि दिवाळीला मी घरी आले, तेव्हा तू लंगडत होतास. "चप्पल चावली," म्हणालास. वहिनीनं मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "वन्सं, बघा तरी. मला हात लावू देत न्हाईत." मी तुला अंगणात बसवून पायाची चिंधी सोडली. आत तंबाखूचं पान गुंडाळलेलं होतं. भिजवून, चुना लावून, अगदी गाईच्या जखमेला बांधायचास तसं. पान ओढलं तर खाली अंगठा काळा पडलेला. पाऊल हातात घेतलं तर थंडगार. घोट्यापाशी मी बोटांनी नाडी शोधत राहिले आणि ती लागेना. तू माझ्या तोंडाकडं बघत होतास.

"काय गं?"

"नगरला चल. आत्ता."

"आगं, तंबाकू लावलाय की. बैल बरा हुतो, मी न्हाई व्हनार व्हय?"

"बैल सिगारेट ओढत नाही दादा."

तुला हसू आलं. मलाही आलं. हसता हसताच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तुझं हसू थांबलं.

त्या पानाचा मला राग आला नाही. ते तू विश्वासानं बांधलं होतंस, आबांनी शिकवलेलं. पण रोग जखमेत नव्हताच. आतल्या शिरा धुरानं आखडत चालल्या होत्या, पायापर्यंत रक्तच पोचत नव्हतं. बाहेरून बांधलेलं पान तिथं काय करणार?

आमच्या सर्जन डॉक्टरांनी तुला तोंडावर सांगितलं. "आजपासून बिडी, सिगारेट, तंबाखू, सगळं बंद. बंद केलंस तर पाय राहील. नाही केलंस तर आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा. माझ्याकडं याला दुसरं औषध नाही." तू म्हणालास, "साहेब, एवढंच ना?" किती सोपं वाटलं होतं तुला. आणि मलाही. घरात क्षयानं, विषमज्वरानं माणसं गेलेली मी बघितली होती. इथं तर नुसतं एक सोडायचं होतं.

अंगठा कापावा लागला. कंपनीनं तुला गाडीवरून उतरवलं; लंगडा माणूस त्यांना पायरीवर उभा नको होता. तू नगरच्या कडेला, सावेडीला माझ्या खोलीवर राहायला आलास. तिथं घरं तुरळक, मध्ये मध्ये बाजरीची वावरं. तू दिवसभर ओट्यावर बसून बडीशेप चघळायचास आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचास. एकदा चिडून जेवणाचं ताट सरकवून दिलंस आणि मग स्वतःच भिंतीला धरत उठून सांडलेली आमटी पुसलीस. पण जखम लाल दिसायला लागली होती. मी रोज पट्टी सोडायची आणि आपण दोघंही त्या लाल मांसाकडं असं बघायचो, जसं कोंब फुटलेल्या बीकडं बघावं.

आई तुला भेटायला आली होती त्यातच. सवयीनं तिनं तव्यावर तंबाखूची मिश्री भाजायला घेतली. तो वास आला आणि तू आईवर ओरडलास. "न्हे ते तिकडं! मारायला आलीस का मला?" आयुष्यात पहिल्यांदा. आईनं तवा खाली उतरवला, डबी गाठोड्यात ठेवली, आणि माझ्या घरी असेपर्यंत पुन्हा काढली नाही. संध्याकाळी तू मला म्हणालास, "तिच्या हिरड्या बघितल्यास का? आतून पांढऱ्या झाल्यात. तिची मिश्री बी बंद कर. माज्यावर एकट्यावर कशाला?" तू बरोबर बोलत होतास. तोंडातल्या तंबाखूनं तोंडं सडलेली माणसं आमच्या वॉर्डात कमी नव्हती. आबांच्या चंचीची गोष्ट तू कितीही गोड सांगितलीस, तरी अखेरच्या वर्षात आबांना भाकरी गिळवत नव्हती, हेही आपल्या दोघांना माहीत होतं. ते आपण कधी बोललो नाही. झाडावर, गुरांवर घालायची वस्तू आपण तोंडात कधी घेतली, आणि तोंडातून पार छातीत कधी नेली, हे आपल्यातल्या कुणालाच कळलं नाही. मी आईशी बोलले. ती म्हणाली, "आता ऱ्हायलं कितीसं माझं? तू त्याला बघ."

मी तुलाच बघत होते. आणि एक दिवस ड्युटीवरून आले, पट्टी सोडली, आणि जखमेची कड पुन्हा काळी दिसली. मी विचारायच्या आधी तूच बोललास.

"सुमे, मला समदं कळतं गं. तू सांगतीस ते बी कळतं, साहेब सांगत्यात ते बी. पर ह्या हाताला कळत न्हाई. तो आपला आपुन जातो."

आणि तू रडलास. किडे पडलेल्या गाईच्या कानाशी बोलून तिला शांत करणारा माणूस, माझ्या खोलीत भिंतीकडं तोंड करून रडत होता. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून बसले. शिकलेलं सगळं आठवून बघितलं. ह्याच्यावर कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

पुढचं भराभर झालं. गुडघ्याखालून पाय गेला. शुद्धीवर आलास तेव्हा म्हणालास, "अंगठा खाजतोय," आणि नसलेल्या अंगठ्याकडं हात नेलास. मी पलंगाच्या त्या रिकाम्या जागेवर चादर खाजवली. तू डोळे मिटून म्हणालास, "हां, आता बरं वाटलं." खोटं बोललास ते माझ्यासाठी. वॉर्डबॉयकडून, शेजारच्या रोग्याकडून, भेटायला आलेल्या गाववाल्याकडून तू सिगारेट मिळवत राहिलास. आणणारे सगळे तुझ्यावर माया करणारे होते. "एक ओढली तर काय हुतंय, बिचारा दुखण्यानं तळमळतोय," म्हणायचे. मी कुणाकुणाशी भांडू? मग दुसऱ्या पावलाची बोटं गार पडली. डॉक्टर म्हणाले, हाही पाय काढावा लागेल. तू हात जोडलेस. "न्हाई साहेब. येवढा एक ऱ्हायलाय, तो मी घिऊन जातो."

तुला घरी आणलं. कापलेल्या पायाची जखम कधी भरलीच नाही. ताप उतरेना. इंजेक्शनं मी देत होते, पट्टी मी करत होते, आणि रोज नाडीवर बोट ठेवताना मला कळत होतं. वहिनी विचारायची, "आज जरा बरं वाटतंय ना वन्सं?" मी मान हलवायची. त्या दुपारी मी पट्टीसाठी पाणी उकळत होते. तू आत वहिनीशी पोरींच्या शाळेचं काहीतरी बोलत होतास. "थोरलीला बी नगरला धाडायची. आत्यासारखी," असं काहीसं. मी पाणी घेऊन आत आले तेव्हा वहिनी तुझा हात धरून बसली होती आणि तू बोलायचा थांबला होतास. मी पातेलं खाली ठेवलं. ते पाणी नंतर कुणीतरी ओतून दिलं असेल.

परवा नदीवर तुझा पिंड ठेवला. कावळे बाभळीवर होते, खाली कुणी उतरेना. तात्या हात जोडून म्हणाले, "नामदेवा, पोरींचं आमी बघू. आईला सांभाळू." कावळा जवळ येऊन बाजूला झाला. मी म्हटलं, "दादा, थोरलीला मी नगरला नेते." तो उडून पुन्हा फांदीवर बसला. ऊन चढलं. तेव्हा तात्यांच्या मुलानं खिशातून पाकीट काढलं. "त्याचा जीव ह्यात आडकलाय," तो म्हणाला. "एक ठिवा पिंडावर. लगेच शिवंल." तात्यांनी मान डोलावली. सगळ्यांनाच ते पटलं. आवडीचा पदार्थ ठेवतात, त्यात नवल काय? खरं सांगते, मलाही क्षणभर पटलं. ठेवू दे, एवढी तळमळलास त्यासाठी, आता तर पायही जायचा राहिला नाही.

वहिनी बायकांमधून उठली. चुलत सासऱ्यांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी तुझी बायको पुढं आली आणि पिंडासमोर उभी राहिली.

"न्हाई ठिवायची," ती म्हणाली. "ज्यानं त्यांना न्हेलं, ते त्यांच्या पानावर मी ठिवू देनार न्हाई. कावळा न्हाई शिवला तर न्हाई."

तात्यांच्या मुलानं पाकीट खिशात घातलं. आम्ही आणखी बराच वेळ थांबलो. पोरी उन्हानं कावल्या, आईला चक्कर आली. कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

परतताना वहिनी माझ्या बाजूनं चालत होती. वस्ती जवळ आली तेव्हा तिनं माझा हात धरला.

"वन्सं, मी चुकले का वो? आता ते मागंच आडकून ऱ्हातील का?"

मी ह्या गोष्टी मानत नाही दादा. मरण मी रोज बघते, त्यानंतर काही उरत नाही हे मला माहीत आहे. "नाही वहिनी" एवढं म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडातून निघेना. तिचा हात धरून मी घरापर्यंत चालत राहिले.